चहाची वही

जिनल, तुला आलेख काढायचा आहे ना,
मग ही वही घे.
सभासदांची यादी हरवली, पत्रकं रद्दीत गेली,
पण दर सहा ऑगस्टला सूरसागरच्या कठड्यापाशी
किती चहा झाले, ते मी लिहून ठेवलंय.
मी खजिनदार. एकदा नेमलं, मग कुणी काढलंच नाही.

पंच्याऐंशी साल: दोनशे बारा.
परदेशातल्या क्षेपणास्त्रांची भीती तेव्हा
पेपरबरोबर सकाळी दारात पडायची.
निमकर सरांची मुलं रात्रभर
सायक्लोस्टाइलचं हँडल फिरवायची,
शाईच्या हातांनीच जेवायची.
दोघांचं लग्नही तिथेच जमलं.
मग तिकडे दोन पुढाऱ्यांनी करारावर सह्या केल्या
आणि आमच्यातले बरेचजण
परीक्षा संपल्यासारखे घरी गेले.
अठ्ठ्याऐंशी: एकोणचाळीस.
जिंकलो म्हणून कमी झालो,
हे मी कुठल्या रकान्यात लिहायचं होतं?

इथे पानं चिकटलीत.
विश्वामित्री घरात शिरली होती तेव्हाची.
हा पहिला आकडा एक की सात,
चौदा जण होते की चौऱ्याहत्तर,
आता मलाही सांगता येत नाही.
तुला हवा तो धर.

अठ्ठ्याण्णव.
त्या मे महिन्यात मांडवीत पेढे वाटले.
माझ्या सख्ख्या दिरानं उंबऱ्यातच पुडा उघडून धरला.
मी घेतला. खाल्लासुद्धा.
ऑगस्टमध्ये आम्ही अकरा,
आणि आमच्याभोवती आम्हाला देशद्रोही म्हणणारे साठ.
मनजीभाईंनी त्यांनाही चहा पाजला,
बिल आमच्या नावावर.
म्हणून इथे एकाहत्तर दिसतात.
तुझ्या आलेखात तिथे डोंगर उभा राहील, सांभाळ.

दोन हजार दोन: पान कोरं.
त्या वर्षी शांतता गल्लीतच हवी होती.
आधी रफत मास्तरांच्या खिडकीची काच, मग घर.
बाँबविषयी बोलायला आम्हाला तोंड उरलं नव्हतं.

अकरा साली जपानमधलं केंद्र टीव्हीवर फुटलं
आणि एकदम एकशे चाळीस,
बहुतेक तुझ्याएवढेच, गिटार घेऊन, फोन उंच धरून.
एका मुलीनं विचारलं, आजी, पहिल्यांदाच आलात?
हो म्हणाले. का, ते माहीत नाही.
पुढच्या वर्षी सतरा.

का ओसरतं, विचारतेस.
अगं, भीती उशाशी घेऊन माणूस किती रात्री झोपणार?
नळाला पाणी यायची वेळ असते,
मुलीचं बाळंतपण असतं, गुडघे असतात.
न पडलेल्या बाँबची बातमी कुठे छापून येते?
आणि खरं सांगू, भाषणंही लांबायची.
विरोध फक्त बाँबला, की वीजकेंद्रालाही,
यावरून निमकर सर आणि दक्षाबेन
शेवटपर्यंत एकमेकांशी बोलले नाहीत.
यायचे मात्र दोघंही.
कठड्याच्या दोन टोकांना उभे राहायचे.

मनजीभाई म्हणायचे, भाभी,
दूध वर आलं की सगळे धावतात,
तापत असतं तेव्हा कोण बघतं?
आता त्यांचा नातू गाडी लावतो.
गेल्या वर्षी वीस जणांची किटली घेऊन आला.
आम्ही चौघं.

उरलेला चहा रिक्षावाल्यांना दिला.
त्यातला एक पेला हातात धरून
बॅनर वाचत राहिला, अक्षर अक्षर लावत.
हिरो... हिरोशि... हे कुठलं गाव हो, मावशी?
मी सांगायला लागले,
तेवढ्यात त्याला न्यायमंदिरची सवारी मिळाली.

त्याला मी पाचवा धरलाय. शिसपेन्सिलीनं.
तुला पटत नसेल तर खोड.